अर्धी वीत

टाच टेकव, राजवीर. टाच.
भिंतीला पाठ लाव, मान सरळ,
फळी खाली येतेय, चावत नाही ती.
तीन वर्षं पुरी. शहाऐंशी सेंटिमीटर.
मोबाइल क्षणभर गरगरतो, मग लाल होतो :
खुजा.

हा शब्द मी त्याच्या आईला सांगत नाही.
अंगठा आणि करंगळी ताणून दाखवते,
मग निम्म्यावर बोट ठेवते.
एवढा हवा होता अजून. अर्धी वीत.

बुधी हसते. "बापावर गेलाय.
आमच्यात ताडमाड कोण झालंय, बाई?
गाल बघा की त्याचे."
गाल आहेत. म्हणून तर कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.
अंगात ताप असता तर डोळखांबला नेला असता दवाखान्यात.
याला ताप नाही, खोकला नाही,
नुसता सगळ्यांपेक्षा थोडा लवकर संपतो.

मी जुनी वही काढते. त्याचं पान नव्हे,
त्याच्या आधीचं :
बुधी अंकुश मुकणे, पाचवा महिना, अडतीस किलो.
पुढचे चार रकाने कोरे,
त्यांवरून आडवं माझंच अक्षर : भट्टीवर, भिवंडी.

कोऱ्या रकान्यांत काय झालं
ते तिने नंतर सांगितलं, तांदूळ निवडता निवडता.
पहाटे तीनला चिखल तुडवायचा.
सकाळी भात, वर मिरचीचा खर्डा.
रात्री सगळ्यांचं झालं की अर्धी भाकर.
उरली तरी अर्धीच,
कारण सासू म्हणालेली,
पोटभर खाशील तर पोर मोठं होईल, अडेल,
भट्टीवर रात्रीची कुठली गाडी?

रागवायला तोंड उघडलं होतं मी.
पण सासूला खोटं पाडायला
माझ्याकडे त्या रात्रीची गाडी नव्हती.

पोर खरंच लहान आलं, ती लवकर सुटली.
सासूने तिथेच गूळ वाटला.
वजन?
"विटेपेक्षा हलकं," बुधी म्हणाली,
आणि विटांचं तिला कळतं.

आता पुन्हा पाचवा.
रोज दुपारी येते, भात, डाळ, एक अंडं,
इथेच बसून खायचं हा नियम.
परवा पिवळं गिळलं,
पांढरं गालात धरून उठली.
काय विचारलं तरी नुसतं हुं, हुं.
मागून गेले तर कुडाआड थोरली उभी,
तिच्या तळहातावर काढून दिलं.
थोरली सात वर्षांची. तिला माझ्या वहीत रकाना नाही.

वीतभर पोट म्हणतात सगळे,
मोजलंय कुणी?
या एवढ्याशा पोटात दोघं जेवायची
आणि तिसरी बाहेर हात पसरून.

मी लिहिलं : अंडं एक, खाल्लं.
खोटं नाही. पुरतं खरंही नाही.

"बाई, तुमची किती?" बुधी विचारते.
बारा वर्षं ही फळी पाड्यापाड्यावर मिरवतेय,
स्वतः कधी उभी राहिले नाही.
चपला काढते. पाठ भिंतीला.
बुधी फळी उतरवते, जरा जोरातच,
आकडे वाचता येत नाहीत, तर बोट रोवून धरते : इथं.
मी वळून बघते.
एकशे चव्वेचाळीस.

शहापूरच्या सभेत सांगतात,
एकशे पंचेचाळीसच्या आत असली बाई, तर जोखमीची.
मी ते बायकांना सांगत आलेय,
तोंडपाठ, आडव्या मानेने.
माझ्या वेळी आईने काय खाल्लं असेल?
ताटं सगळ्यांची आठवतात,
तिचं ताट आठवत नाही.

"चुकलं असेल," मी म्हणते, "पुन्हा मोज."
पुन्हा भिंत, पुन्हा फळी,
मी श्वास आत घेऊन ताठ.
राजवीर जमिनीला गाल टेकवतो,
माझ्या पायाखालून उजेड बघतो.
"बाई," तो म्हणतो,
"टाच."