डाव्या अंगाला

शाहूपुरीत चौथ्या गल्लीला आमचं इस्त्रीचं दुकान.
कर्नल सर्जेराव खोराट्यांचे कपडे
बापाच्या वेळेपासनं इथंच.

रजेवर आले की हिरवा गणवेश यायचा,
खिशाच्या वर बारीक भोकं,
पदकांच्या पिनांची.
'तिथनं हळू,' बाप म्हणायचा, 'तिथं माणसं हायत.'
मी भोकांतनं उजेड बघायचो.

आता पांढरे शर्ट, आठवड्याला चौदा.
निवडून आले त्या रातीचा गुलाल
अजून एकाच्या शिवणीत हाय, निघत न्हाई.
खिशात चिठ्ठ्या ऱ्हातात:
पाझर तलाव. बदली. पोराला कारखान्यात चिकटवा.
एक नुसतीच, 'साहेब, वळखलं न्हाईसा.'
खाली नाव न्हाई,
पलटण आन् नंबर.

ती मी वाळवून हातात दिली.
साहेब फळीवर टेकले.
बाहेर गाडी चालू, माणसं ताटकळलेली,
कुणीतरी हार घेऊन उन्हात.
'ह्याला मी खांद्यावर आणला,' म्हणाले,
'पाय बर्फातच ऱ्हायला त्याचा.
मला पदक दिलं.'
मग बराच वेळ कोळशाकडं बघत,
'तीनदा आला म्हणं बंगल्यावर. बाकावर बसून गेला.'

शर्ट न घेताच उठले.
गाडी सर्किट हाउसकडं वळायची,
ती गडहिंग्लजच्या रस्त्याला लागली.
हारवाला तसाच उभा.

यंदा सव्वीस जानेवारीचं जाकीट आलं
ते कोरं. भोक एकबी न्हाई.
विचारलं न्हाई मी.
फक्त डाव्या अंगाला आल्यावर
हात आपसूक हलका झाला.