कोमट

नळाला पाणी येतं पहाटे सव्वापाचला
आणि सव्वापाचलाच आमची टाकी सांडायला लागते,
गच्चीवरून थेट शेडग्यांच्या पत्र्यावर, तडतड तडतड.
शेडगेवहिनी शाहूपुरीच्या अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल
इतक्या गप्प राहतात.
पत्र्याखालची स्कूटर तेवढी ढकलून
दुसरीकडे लावतात.

मी आधी चेंडू बदलला.
हलवला तर आत खुळखुळत होतं,
म्हटलं, सापडला चोर.
पितळी दांडी वाकवून पातळी चार बोटं खाली घेतली.
दुसऱ्या दिवशी तडतड.
मग वायसर.
मग अख्खा व्हॉल्व्हच, दोनशे चाळीस रुपये.
मग शाल गुंडाळून, बॅटरी दातात धरून
टाकीत वाकून उभी राहिले:
चेंडू वर, नीट टेकलेला, तोटी बंद,
वरून एक थेंब येत नव्हता
आणि टाकी भरत होती.

यवतेश्वराच्या अंगाने बोचरं वारं सुटलेलं.
कुठूनच न येणारं पाणी बघताना
माणूस आधी देवाचा विचार करतो,
मग नगरपालिकेचा.

इलाही मुलाणी रविवारी पाचलाच आला.
पाना त्याने पिशवीतून काढलाच नाही.
सांडत्या पाण्याखाली तळहात धरून
जरा वेळ थांबला.
"ताई, ह्ये कोमट हाय."

चार दिवस मी तेच पाणी फडक्याने टिपत होते.

"थंडच्या टाकीतनं कोमट कसं यील?
ह्ये वरनं भरत न्हाय, बुडातनं भरतंय.
सोलरच्या पोटातनं, उलटं.
खाली मिक्सरच्या चाव्या कोण उघड्या ठेवतं?"

खालच्या न्हाणीघरात आप्पा एकटेच जातात.
दिवा लावला.
हातशॉवर खुंटीवर, त्याच्या मानेचं बटण बंद.
भिंतीवरच्या दोन्ही चाव्या उघड्या,
गरमची अर्धी, थंडची तिच्याहून थोडी कमी.
रस्त्यावरचं जोराचं पाणी थंडच्या वाटेने आत शिरत होतं,
बाहेर पडायला दार नाही, म्हणून
गरमच्या वाटेने वर,
दोन मजले, सोलरमधून, टाकीच्या तळातून
शेडग्यांच्या पत्र्यापर्यंत.

आणि चाव्या जागच्या हलू नयेत म्हणून
एकमेकींना बांधलेल्या,
पायजम्याच्या नाडीने.
एका हाताने आणि दातांनी मारलेली गाठ.

जुलैत त्यांना झटका आला.
दिवाळीत डावा खांदा भाजला.
भाजल्याचं रात्री शर्ट काढताना दिसलं.
दिसलं म्हणजे मला दिसलं. त्यांना काही कळलंच नव्हतं.
"गीझर जरा जास्त होता वाटतं," म्हणाले,
आमच्याकडे गीझर नाही.

त्यानंतर कधीतरी, कोणत्या सकाळी कोण जाणे,
उजवा हात धारेखाली धरून, एक चावी सोडून दुसरी,
पुन्हा पहिली,
त्यांनी ते एक कोमट शोधलं असणार
आणि बांधून ठेवलं.

इलाही दारात उभा. गाठ त्यानेही पाहिली.
"दोन उपाय हायती.
आप्पांस्नी सांगायचं, चाव्या बंद करत जावा.
न्हायतर गरमच्या लाइनीला एनआरव्ही टाकतो,
आत एकाच अंगाला उघडणारं झाकण असतंय.
पाणी खाली यील, माघारी जायाचं न्हाय."

"किती?"
"साडेचारशे. मजुरी काय ती द्या."

आतल्या खोलीत आप्पांची कूस बदलल्याचा आवाज आला.
"टाका," मी म्हटलं, "आणि पाइप हळू कापा."

सोमवारी सव्वापाचला जाग आली.
पत्रा गप्प. वहिनींनी स्कूटर तरीही हलवली.
सातला न्हाणीघरातून शॉवरचा आवाज,
मग बटणाचा टक्,
मग खोकला, मग टॉवेल.

दुपारी राजपथावरून दोन हात नाडी आणली,
टोकाला सेफ्टी पिन अडकवून नेफ्यात सोडली,
बोटांनी पुढं पुढं सरकवत दुसऱ्या तोंडाने बाहेर काढली,
आणि तो पायजमा घडी करून
त्यांच्या कपड्यांत मधोमध ठेवला,
वर नाही.