खळ

कॅम्पातल्या थिएटरात रविवारी सकाळी इंग्रजी पिक्चर लागायचा.
पुढच्या रांगा तोफखान्याच्या जवानांच्या,
मागे आम्ही, वडील आणि मी.
इंग्रजी दोघांनाही येत नव्हतं.
घोडे समजायचे.

वडील, पुंजाजी शेवाळे, दिवाणी कोर्टात बेलीफ.
पडद्यावर गोळी सुटली की माझ्या कानाशी येऊन,
वॉरंट दाखवलं का यानं?
प्रेत उचललं की, पंचनामा?
एकदा दारूच्या गुत्त्यात टेबल पुसून कोर्ट भरलं,
न्यायाधीशानं बाटली आपटून निकाल दिला.
तेव्हा मात्र गप्प राहिले. मग म्हणाले,
आमच्याकडं एक साहेब होते असे.

शेरीफच्या छातीवरचा पत्र्याचा तारा
मला हवा होता.
घरी खुंटीला वडिलांचा पट्टा, पट्ट्यावर पितळी बिल्ला.
आई तो चिंचेनं घासायची, देवांच्या भांड्यांबरोबर.
देव आधी.

चौऱ्याहत्तर साली मखमलाबादच्या शिवारात
कोंडाबाई परटिणीच्या बाजूनं सव्वा एकराचा निकाल लागला.
ताबा सभापतींचा.
पुढं दवंडीवाला, हलगी कडकडीत तापवलेली,
मध्ये वडील,
मागं मी, हातात खळीचा डबा.

हलगी वाजली तशी पारावरची माणसं उठली.
गिरणीचा पट्टा थांबला.
एकेक कडी आतून लागत गेली.
मला हे ओळखीचं होतं. आता वारा सुटणार,
आता कुणीतरी कमरेला हात घालणार.

वडिलांना फक्त दोन पंच हवे होते. सही, नाहीतर अंगठा.
शिंप्याचं बोट सुजलं होतं.
मास्तरांचा चष्मा घरी राहिला होता.
तो त्यांच्या नाकावर होता.

सभापती ओट्यावर दाढी करून घेत होते.
रखमाजीचा वस्तरा त्यांच्या गळ्याशी थांबला.
वडील म्हणाले, तात्या, जरा दार वापरतो.
चारी कोपऱ्यांना खळ लावली, तळव्यानं नोटीस दाबली,
फुगा राहिला होता तो बोटानं काढला.
फेसातून आवाज आला,
पुंजाजी, खळ घरची का?
हो, मैद्याची.
बस. कुणी काही उपसलं नाही.

दुसऱ्या दिवशी शेळीनं नोटीस खाल्ली.
वडिलांनी अहवालात शेळी लिहिली, रंगासकट.
पुन्हा गेले. पुन्हा गेले.
सातव्या खेपेला रखमाजीनं वस्तरा धोतराला पुसला
आणि सही केली. लांबलचक, आडनावासकट.
दुसरा पंच मग आपोआप मिळाला, शिंप्याचं बोट उतरलं होतं.

कोंडाबाईला जमीन मिळाली का?
पाऊण एकर. बाकीची अपिलात आहे.

त्या रविवारी पिक्चरच्या शेवटी
शेरीफनं तारा काढून गुत्त्याच्या फळीवर ठेवला
आणि घोडा वळवला. जवानांनी शिट्ट्या मारल्या.
वडील उठून उभे राहिले, खरंच चिडले होते.
असा कुठंही ठेवतात का?
जमा करायचा असतो. पावती घ्यायची असते.

त्यांनी घेतली.
तिकीट नाशिकरोडच्याच छापखान्यातलं,
तारीख पुसट,
घेणाऱ्याची सही वाचता येत नाही.