कलम सात, पोटकलम ब

बोलायला तीन मिनिटं. टेबलावर दिवा:
हिरवा, मग पिवळा, मग लाल.
समोर नऊ जण, प्रत्येकापुढे
विधेयकाची सत्तेचाळीस पानं.
माझ्या पर्समध्ये बावन्न.

नाव सांगा. वर्ना ड्वोराक.
काम?
इथे मी अडखळले.
एकोणीस वर्षं दर गुरुवारी
अग्निशमन केंद्राच्या मागच्या खोलीत मी जे करते
त्याला या राज्याच्या कायद्यात शिक्षा होती,
नाव नव्हतं.
म्हटलं, पत्ते वाटते.

कुणीतरी हसलं.

ती खोली तुम्हाला दाखवायला हवी होती.
सुकत टांगलेल्या पाण्याच्या नळ्या, जळकी कॉफी,
शाळेच्या जुन्या पडद्यातून कापलेली
टेबलावरची हिरवी बनात.
ओपल, बदामची राणी हातात आली की चष्मा पुसणारी.
(सगळ्यांना माहीत होतं. कुणी तिला सांगितलं नाही.)
डेप्युटी हस्केल, गाडी चर्चच्या मागे लावून येणारा,
आणि हरला की म्हणणारा,
हे सगळं बेकायदेशीर आहे बरं का.

मी बाजूने बोलायला आले आहे.
फॉर्मवर तशी खूण केली आहे: समर्थन.
परवाना हवा, तपासणी हवी, मर्यादा हवी.
का, तेही सांगते.
मिलान नोवी दोनदा असा हरत सुटला
की मी त्याच्यापुढचे पत्ते उचलले,
म्हटलं, ऊठ, आज तुझं पान नाही.
तिसऱ्यांदा नाही म्हटलं.
बाहेर बर्फ होता, डाव रंगला होता,
टिपही बरी पडत होती.
त्या आठवड्यात त्याच्या पोरीची क्लॅरिनेट
दुकानाच्या काचेत दिसली, किमतीची चिठ्ठी लावलेली.
माझ्यावर कुणीतरी नजर ठेवायला हवी होती.
लिहून घ्या ते.

पिवळा.

आता कलम सात, पोटकलम ब.
इलेक्ट्रॉनिक टेबलांना मुभा.
दहा खुर्च्या, दहा पडदे, पिसणं यंत्राचं,
तासाला दुप्पट डाव,
आणि पत्ते वाटणारी व्यक्ती,
तुमचेच शब्द वाचते, "आवश्यक नाही".

कंपनीचे गृहस्थ माझ्याआधी सतरा मिनिटं बोलले.
त्यांच्यापुढचा दिवा बहुधा बिघडला असावा.
त्यांचं टेबल खाली लॉबीत ठेवलंय, मी बसून आले.
काच गार.
बोटाने ओढलं तर पत्त्याचा कोपरा वाकतो,
म्हणजे वाकल्याचं चित्र येतं,
खाली सावलीसुद्धा पडते. कुणीतरी बसून
ती सावली काढली असेल. मला त्याचं कौतुक वाटलं.

लाल.

अध्यक्षबाई म्हणाल्या, एकच प्रश्न.
यंत्र चुकत नाही, हे तर मान्य?

मान्य.
मी चुकले आहे. पान उलटं पडलंय,
चिपा मोजताना भांडण झालंय,
एकदा शिंक आली आणि पूर्ण गड्डी जमिनीवर.
सगळे टेबलाखाली, गुडघ्यांवर,
हस्केल बॅजसकट,
आणि चौकटची सत्ती सापडेना.
रात्री एकला सापडली, ओपलच्या बुटाखाली.
तेवढा वेळ कुणी काही हरलं नाही.

धन्यवाद, मिस ड्वोराक. पुढचे साक्षीदार.

पार्किंगमध्ये मार्चचा वारा.
वरून क्रौंचांची रांग नदीकडे चाललेली,
दिसायच्या आधी ऐकू येणारी.
गाडीत बसले. हीटर लावला.
पत्ते काढले, मांडीवर पिसले,
सात वेळा, सवयीने,
आणि काटायला म्हणून
शेजारच्या रिकाम्या सीटपुढे धरले.