पाइपलाइन

रेडिओवर दोघं हमरीतुमरीवर आलेत:
क्लबची पाइपलाइन आज जास्त भरलेली,
की सत्याऐंशी साली होती?
मी सिंकखाली उताणा, दातांत टॉर्च.
मला विचारा की, बाबांनो.
बेल्डन क्रीकमध्ये एकेचाळीस वर्षं
मी दुसरं काय पाहिलंय?

त्या उन्हाळ्यात मैदानावर सहा शॉवर होते, चालायचे चार.
गरम पाणी पहिल्या नऊ जणांपुरतं.
दहावा हमखास डेलबर्ट स्टॅलार्ड,
खाणकामगाराचा पोर, डावखुरा,
त्याचा चेंडू झेलला की कॅचर हात झटकत उठायचा.
गार धारेखाली तो घसा फोडून शिव्या द्यायचा,
आणि साखर कारखान्याच्या गावातून, समुद्रापलीकडून आलेला ओस्वाल्दो
त्या वहीत उतरवून घ्यायचा.
त्याला वाटायचं, इंग्रजी म्हणतात ती हीच.

यांना हुडकलं हार्लन प्रूइटने.
म्हातारा गाडीत झोपायचा,
शाळांच्या कुंपणांना नाक लावून उभा राहायचा
आणि विजेच्या बिलामागे पेन्सिलीने लिहायचा:
"या पोराचे कान चांगले."
म्हणजे काय, ते मरेपर्यंत सांगितलं नाही.

आता सोळा शॉवर. पाणी गार होतच नाही.
बर्फाच्या टबांचं तापमान भिंतीवर, लाल आकड्यांत.
हातातून सुटलेला चेंडू किती गिरक्या घेतो
ते यंत्र मोजतं,
पोर रात्री किती वेळा कूस बदलतं, तेही.
एकोणीस वर्षांचा एलिसेओ तामायो मला म्हणाला,
"सर, या टबात अर्धा अंश जास्त आहे."
मी तपासलं.
होता.

जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांतला मी नाही.
जुनं म्हणजे बहुतेक वेळा गंजलेलं,
माझी नखं बघा.
जुलैत डेलबर्टचा खांदा धरला
तेव्हा मॅनेजर म्हणाला, मीठ-पाण्याने शेक.
पाणी मीच तापवून दिलं, माझ्या बंबावर.
सात रात्री शेकलं त्याने.
आठव्या दिवशी चेंडू कॅचरपर्यंत पोचला नाही.
एखादं यंत्र तेव्हा असतं तर,
एखादा लाल आकडा...
असो.

त्या वर्षी अडतीस पोरं होती. वर पोचली तीन.
रेडिओवाले त्या तिघांची नावं अजून घोळवतात.
पस्तीस म्हणजे गळती.
पण गळकं पाणी शोधायला मी नकाशा घेत नाही,
ऑगस्टात गावभर फिरतो.
सगळं वाळलेलं असताना
जिथे उगाचच हिरवं दिसतं, तिथे फावडं मारतो.
डेलबर्ट शाळेची बस चालवतो,
उजव्या हाताने गिअर, उजव्यानेच खिडकी.
पोरं त्याच्यासाठी शेवटची सीट भांडून पकडतात,
तिथून आरशात त्याची शिवी ओठांवर दिसते म्हणे.
ओस्वाल्दोने बेकरी काढली.
त्याची थोरली मुलगी मैदानावर अंपायर असते,
आणि तिचा आवाज पुलापर्यंत जातो.

मंगळवारी बातमी आली, आमची पाइपलाइन देशात चौथी.
त्याच दुपारी तामायोचं कपाट रिकामं करत होते.
गिरक्या कमी पडल्या, दोन महिने सलग.
तो माझ्या पेटीशेजारी बसला.
माझा पाना उचलला, तोलून पाहिला,
पकड बदलली, पुन्हा बदलली,
दोन बोटं वर, अंगठा खाली.
"सर, हे शिकायला किती वर्षं लागतात?"

मी म्हणालो, "कान लाव इथे."
त्याने भिंतीला कान लावला.
डोळे मिटले.
बराच वेळ काही बोलला नाही,
मग कोपऱ्याकडे बोट केलं, फरशीपासून हातभर वर.

तिथेच होतं.

रेडिओवर अजून चाललंय.
मी वॉशर बसवला, मुख्य चावी सोडली.
नळ आधी खोकला,
मग तांबूस,
मग बराच वेळ नुसती हवा.