चारशे बारा

ओउलूत डिसेंबरात दुपारी दोनलाच अंधारून येतं,
म्हणून हे काम याच महिन्यात काढलं.
एन्सिओच्या डीव्हीडी. चारशे बारा.
एक आत सरकवायची, यंत्र घरघरतं,
पाऊण तासात सिनेमाची फाइल होते.
तोवर मी मोजा विणते.

त्यानं त्या लावल्या होत्या झोपेच्या हिशेबानं:
डावीकडे पाच मिनिटांत घोरायला लावणाऱ्या,
उजवीकडे शेवटपर्यंत जागवणाऱ्या.
संगणक म्हणतो, अकारविल्हे.
बरं बाबा, तुझं खरं.

तीनशे सातवी अडकली. त्रेसष्ट टक्के.
यंत्र तेच ते वाचत राहिलं
चष्मा हरवलेल्या माणसासारखं.
बाहेर काढून दिव्याखाली धरली:
अंगठ्याचा ठसा. इवलासा. जॅमचा.
साइमी तेव्हा चार वर्षांची असेल.
आता पर्थला असते, तिकडे ऐन उन्हाळा,
तिला हे सगळं फोनवर बघायचंय.

मऊ कापड घ्यायचं, मधून काठाकडे पुसायचं,
गोल गोल फिरवायचं नाही.
मला ठाऊक आहे कसं पुसतात.

तिला कळवलं, एक सिनेमा येणार नाही,
डिस्क खराब झालीय.
कुठला गं?
नाव सांगितलं.
म्हणाली, आठवत नाही, जाऊ दे.

जाऊ दिलं.
पुन्हा डबीत घालून फळीशी उभी राहिले:
डावीकडची की उजवीकडची,
हे एन्सिओच सांगू शकला असता.

तीनशे आठवी आत सरकवली.
मोज्याची टाच वळवायची राहिली होती.