जायफळाएवढी

देवगडला होडी लागली
तरी भिवा खोबरेकर लगेच उतरला नाही.
रात्रभर नाळेवर उभा होता,
समोर एवढा मोकळा समुद्र
आणि ह्याचं थेंब थेंब, जळत.

बायकोला सांगितलं, कंबर धरलीय.
खलाशांना, ऊन बाधलं.
हुडहुडी भरली तेव्हा
मेहुण्याने उचलून रिक्षात घातला.

डॉक्टरीण लेकीच्या वयाची.
तिने कागदावर पिशवी काढली, खाली एक गोल:
"जायफळाएवढी ग्रंथी, काका, सगळ्याच पुरुषांना असते.
तिला सूज आलीय. जंतू शिरलेत.
बरं वाटलं तरी गोळ्या सोडायच्या नाहीत."

कागद घडी घालून खिशात.

आठवड्याने जाळं सांधताना
शेजारच्या सद्याला, वर न बघता:
"रात्री कितीदा उठतस रे?"

सद्याची सुई थांबली.